हरकत आहे

पार्ल्यातल्या आमच्या चाळीत ‘हरकत नाही’ म्हणायला बंदी होती अशातला भाग नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीसमोर ते शब्द जरा जपून वापरावे लागत. त्या खोलीत काकू राहायच्या. दुपारी दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आणि गॅलरीतून जाणाऱ्याने फोनवर कुणाला सहज जरी ‘हरकत नाही, उद्या भेटू’ म्हटलं तरी त्यांची मान वर व्हायची. "नीट विचार केलास ना?" एवढंच विचारायच्या. माणूस बिचारा जिन्यापर्यंत पोचेस्तोवर खरंच विचार करायला लागायचा.

माझी तर रोजचीच पंचाईत. मी पार्ल्यातल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो आणि माझ्या तोंडात उठताबसता तेच दोन शब्द असतात. पुस्तक महिनाभर उशिरा आणलं, हरकत नाही. चहात साखर नाही, हरकत नाही. शेजारच्यांनी माझ्या दोरीवर त्यांची चादर वाळत घातली, तरी हरकत नाही. माझी खोली चार नंबरची, म्हणजे काकूंच्या अगदी भिंतीला भिंत, आणि भिंत कसली, नुसतं नाव भिंतीचं. एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सकाळपासून चौदा वेळा म्हणालास. त्यातल्या दोन वेळा तर घरात कुणी नव्हतं."

वरच्या मजल्यावरच्या मेडिकलवाल्याने एकदा त्यांना विचारलं, "काकू, जिन्याखाली स्कूटर लावू का?"

"हरकत आहे."

तो निमूटपणे स्कूटर वळवायला लागला तसं यांनी वरून ओरडून विचारलं, "अरे, चाललास कुठे? लाव की."

"पण तुम्हीच म्हणालात ना..."

"हरकत आहे म्हणाले. लावू नको म्हणाले का? हरकत नोंदवायची असते रे. उद्या कुणी विचारलं तर आपण गप्प नव्हतो एवढं तरी सांगता यायला हवं."

स्कूटर पुढे वर्षानुवर्षं तिथेच लागत राहिली. काकू मात्र दर गुढीपाडव्याला मेडिकलवाल्याला आठवण करून द्यायच्या की, त्यांची हरकत अजून कायम आहे.

त्या तीसेक वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. बुटक्या, काटक, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीतच नसावं. कानावर वर्षानुवर्षं हेडफोन बसून उजव्या कानामागचे केस विरळ झाले होते, आणि ती जागा त्या बोलताना अधूनमधून बोटाने चाचपायच्या. एक्स्चेंजने त्यांना एक नियम शिकवला होता आणि तो त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडला नाही. लाईन आपण तोडायची नाही. समोरच्याला तोडू दे. कर्जं, क्रेडिट कार्डं, जिमची मेंबरशिप विकणाऱ्या पोरींचे फोन यायचे तर सगळी चाळ दोन सेकंदांत कट करायची, काकू मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. समोरची पोरगीच थकून ‘ठेवू का मॅडम?’ म्हणायची. दहिसरहून बोलणाऱ्या एकीकडून तर त्यांनी असंही काढून घेतलं होतं की तिने दुपारी डबा खाल्लेला नाही, आणि मग तिला फोन चालू ठेवून खायला लावलं होतं.

हरकतीचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लग्न होऊन त्या या खोलीत आल्या तेव्हा एक्स्चेंजच्या नोकरीचं पत्र आलेलं होतं. घरात बैठक बसली. नवरा, दीर, गावाहून आलेले कोणी मामा, आणि मधोमध सासरे. बरीच चर्चा झाली, आणि शेवटी सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवून निकाल दिला, "आमची काही हरकत नाही." सगळ्यांना आनंद झाला. पेढे वाटले.

"मी आत कणीक मळत होते," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आता मला विचारतील. नोकरी माझी, जाणार मी, पाय माझे दुखणार. पण हरकत असायचा हक्क त्यांचा. माझी आहे का नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तसे वाईट नव्हते हो सासरे. पण तेव्हा ठरवलं, पुढे कधी कुणी विचारलं तर आधी ‘आहे’ म्हणायचं, मग बघू."

आणि मग त्या विचारणारे शोधत राहिल्या. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना आपण कुणी वाचत नाही. बारीक टाईपात, जमीनखरेदी, हरवलेली शेअर सर्टिफिकेटं, नाव बदललेली माणसं. काकू फक्त त्याच वाचायच्या, बाकीचा पेपर भाजीवालीला द्यायच्या. सूचनेच्या शेवटी लिहिलेलं असायचं, ‘कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’ ते त्यांना लग्नपत्रिकेसारखं वाटायचं, म्हणजे आपल्याला आग्रहाने बोलावलंय आणि न जाणं बरं दिसणार नाही. महत्त्वाच्या सूचना कापून त्या गॅलरीतल्या दोरीवर, परकर आणि टॉवेलांच्या मध्ये, चिमटे लावून टांगून ठेवायच्या. येणाराजाणारा वाचेल, हा हेतू. येणारेजाणारे हसायचे, आणि त्यांतला मीही एक.

तर अशीच एक सूचना एका सकाळी त्या दोरीवर न टांगता माझ्या दारात घेऊन आल्या.

"वाच," म्हणाल्या. "मोठ्याने."

मी वाचली. आमच्या भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीने आयोगाकडे याचिका केली होती. विजेचे नियम ठरवणारा हा आयोग. कंपनीचं म्हणणं, ग्राहकांच्या नोंदी साफ करायच्या आहेत. ज्या मीटरवर मयत माणसाचं नाव आहे तिथे राहणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत घरमालकाचा ना हरकत दाखला आणून नाव बदलून घ्यावं, नाहीतर पुरवठा तोडण्याची परवानगी मिळावी. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी आपल्या सूचना व हरकती आयोगाच्या पोर्टलवर नोंदवाव्यात.

पार्ल्यातल्या जुन्या चाळीत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे माणसं मरतात, मीटर तसेच चालू राहतात. काकूंचा मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन बावीस वर्षं झालेली. माझा वडिलांच्या नावावर. सात नंबरच्या वहिनींचा तर त्यांच्या आजेसासऱ्यांच्या नावावर होता, ज्यांना चाळीतल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. नाव बदलायला मालकाचा ना हरकत दाखला लागतो, आणि मालक तो देत नाही. आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत, त्यालाही आमची चाळ पाडून एक उभा करायचाय, आणि त्यासाठी आम्ही आपणहून निघून जायला हवंय. कोर्टात गेला तर त्याची हयात जाईल. वीज गेली तर आमच्याकडे पाण्याचा पंप बंद, पंखे बंद, फ्रीजमधलं इन्सुलिन खराब. महिनाभरात निम्मी चाळ रिकामी झाली असती. काकूंची मुलगी नाशिकला होती आणि ‘आई, ये ना इकडे’ म्हणून मागे लागलेली होती. पण काकूंचं सगळं आयुष्य त्या दहा बाय बारात गेलेलं. तिथून उठायचं तर आपल्या मर्जीने, असं त्यांचं म्हणणं.

"जाऊ दे काकू," मी म्हणालो, "इतक्या लवकर काही होत नाही."

"जाऊ दे म्हणू नकोस. तुझा लॅपटॉप काढ."

पोर्टलवर नाव नोंदवायला ग्राहक क्रमांक लागत होता. तो टाकला आणि नावाच्या रकान्यात आपोआप काकूंच्या सासऱ्यांचं पूर्ण नाव उमटलं. ते बदलायची सोयच नव्हती. काकूंनी चष्मा वर करून ते नाव वाचलं.

"म्हणजे हरकत परत सासऱ्यांचीच," त्या म्हणाल्या.

मोबाईल नंबर मागितला तेव्हा दुसरी अडचण. काकूंकडे फक्त लँडलाईन. माझा नंबर टाकला. तेव्हापासून त्या केसचा प्रत्येक मेसेज माझ्या फोनवर येऊ लागला आणि मी पुरता अडकलो. सकाळी तोंडात ब्रश घेऊन गॅलरीत यावं, तर शेजारून हाक यायची, "स्टेटस?" मी फेसाळ तोंडाने ओरडायचो, "प्रलंबित!" समोरच्या बिल्डिंगमधला एकजण तर मला बरेच दिवस प्रलंबित आडनावाचा समजत होता.

हरकतीचा मजकूर काकूंनी स्वतः लिहिला, पाच पानं, ऑपरेटरच्या स्वच्छ अक्षरात. मी त्याचे फोटो काढले, जोडले, सगळे रकाने भरले आणि बटण दाबलं. पोचपावती आली. ती मी मोठ्या ऐटीत काकूंना वाचून दाखवायला घेतली. ‘आपल्या याचिकेवरील म्हणण्याची नोंद झाली आहे. नोंद: हरकत नाही. धन्यवाद.’

झालं असं होतं की, फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न होता, ‘या याचिकेस आपली हरकत आहे का?’ पुढे दोन गोल, ‘आहे’ आणि ‘नाही’. ‘नाही’ आधीपासूनच भरलेला होता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना तो खुपला असता. माझी नजर त्यावरून सहज सरकली, कारण मला त्यात काही वावगंच वाटलं नाही.

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कानामागची जागा चाचपत राहिल्या.

"बदल."

"बदलता येत नाही. एकदा सबमिट केलं की संपलं."

"मग दुसरी टाक."

"एका ग्राहक क्रमांकावर एकच."

"बघ, अजून काय काय आहे त्यात. सगळी बटणं बघ."

‘अतिरिक्त कागदपत्रे’ नावाचं एक बटण सापडलं. मुदत संपेपर्यंत तिथे कागद जोडता येत होते. काकूंनी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, ‘वरील नोंद चुकीची आहे. हरकत आहे.’ ते जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर निघता निघता, त्यांनी आणखी एक पान हातात दिलं. त्यावरही तेच वाक्य, खाली नवी तारीख.

"कालचं पोचलंय काकू."

"पोचलं असेल. पण वाचलं का? ट्रंक लाईनवर एकदा हाक मारून कधी कुणी ओ दिली नाही. मारत राहायचं."

मुदत संपेपर्यंत त्यांनी रोज एक पान दिलं आणि मी रोज ते जोडत राहिलो.

ही गोष्ट चाळीत फुटायला वेळ लागला नाही, आणि फुटली ती अशी की, लायब्ररीवाल्याने काकूंच्या नावावर मुद्दाम ‘हरकत नाही’ टाकलं. सात नंबरच्या वहिनींनी मला नळापाशी गाठलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "किती घेतलेस रे मालकाकडून?"

मी काही घेतलं नव्हतं. पण माझा चेहरा पडला, कारण मालक मला खरंच भेटला होता. दोन आठवड्यांपूर्वी, स्टेशनकडून चालत येताना. खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "तुमचा दाखला मी सही करून ठेवलाय. तुमचा मीटर तुमच्या नावावर होईल, डोन्ट वरी. फक्त त्या म्हातारीच्या नादी लागू नका." आणि मी काय म्हणालो असेन? ‘हरकत नाही’ म्हणालो. जिभेला तेवढंच येतं. घरी येऊन हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि रोज काकूंची पानं जोडताना मला त्याची लाज वाटत होती.

त्या दिवशी मी काकूंच्या दारात जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माहितीये मला. मालकानेच सांगितलं परवा. म्हणाला, तुमचा माणूस फोडलाय."

"आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तू विकला जाणारा नाहीस रे. तू नुसता घाबरट आहेस. मालकाला नाही म्हणता आलं नाही तुला, मला तरी कुठे म्हणता आलं तुला? म्हणून तर तुझा लॅपटॉप मिळाला." मग वहिनींच्या खोलीकडे तोंड करून, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात, "चूक झाली त्याची. चुकीला चूक म्हणा. भलतंसलतं बोलायचं असेल तर माझ्यासमोर येऊन बोला."

कुणी आलं नाही.

सुनावणी ऑनलाईन होती. सकाळी साडेदहाची वेळ, आमची केस यादीत सातवी. मी रजा टाकली. काकू इस्त्रीची साडी नेसून दहा वाजता माझ्या खोलीत आल्या आणि लॅपटॉपसमोर बसल्या. मी म्हटलं, आपला नंबर यायला तीन तास लागतील, जरा पडा. "बोर्ड सोडून उठत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि खरंच उठल्या नाहीत. चहासुद्धा घेतला नाही, कारण तोंडात घोट असताना नाव पुकारलं तर काय करायचं. बाहेर गॅलरीत हळूहळू सगळी चाळ गोळा झाली. त्यांना मी आवाज न करण्याची शपथ घातली होती. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, माझ्याकडे न बघता.

अखेर नाव पुकारलं गेलं, सासऱ्यांचं. "हरकतदार उपस्थित आहेत का?"

"ते नाहीत," काकू म्हणाल्या. "वारले. मी बोलतेय."

कंपनीचे वकील तयारच होते. ते म्हणाले, हरकतदार हयात नाहीत ही कबुली आत्ताच मिळाली आहे. मयत व्यक्तीला हरकत घेता येत नाही, तेव्हा ही हरकत अस्तित्वातच नाही. शिवाय मूळ नोंदही ‘हरकत नाही’ अशीच आहे. त्यानंतर एकोणीस वेळा एकच ओळ कुणी त्रयस्थाने दुसऱ्याच्या मोबाईलवरून जोडली आहे. ही सगळी आयोगाची थट्टा आहे.

पडद्यावरच्या अध्यक्षांनी चष्मा सरळ केला. "बाई, तुम्ही या गृहस्थांच्या कोण?"

"सून."

"काय म्हणायचंय आपल्याला?"

काकूंनी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच चाळीवरून विमान गेलं. पार्ल्यात राहणाऱ्याला याची इतकी सवय असते की तो वाक्याच्या मध्येच थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून सुरू करतो. काकू थांबल्या. पडद्यावर सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"बाई? आपला आवाज येत नाहीये. कनेक्शन गेलं का?"

काकूंनी पडद्याला हाताने थांबायची खूण केली, बोट वर आकाशाकडे दाखवलं, आणि आयोग, कंपनी, वकील सगळे मुकाट्याने बसून राहिले. घरघर संपली तशी त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"साहेब, माझे सासरे बावीस वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून दर महिन्याला कंपनी त्यांना पत्र पाठवते, ‘प्रिय ग्राहक’. दिवाळीला शुभेच्छा पाठवते. एकदा तर त्यांना वीज वाचवल्याबद्दल अभिनंदनाचं पत्रसुद्धा आलं होतं. बावीस वर्षं ते जिवंत होते. आज त्यांनी हरकत घेतली म्हटल्यावर वकीलसाहेबांना कळलं की ते मेलेत?"

गॅलरीत कुणीतरी हसलं. मी दाराकडे हात केला.

"मला त्यांच्या नावाने बोलायची हौस नाही," काकू पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "उभ्या जन्मात त्यांनी मला पाहुण्यांसमोर बोलू दिलं नाही. पण तुमच्या पोर्टलवर माझं नाव घालायला जागा नाही. नाव बदलायला गेलं तर मालकाचा दाखला आणा म्हणतात, मालक दाखला देत नाही कारण त्याला आम्ही तिथे नको आहोत. आता तुम्ही तोच दाखला मागताय, नाहीतर लाईन तोडणार. म्हणजे वीज तुम्ही तोडणार आणि घर मालक घेणार. मालकाला नुसतं गप्प बसायचंय. साहेब, त्या खोलीतला दिवा मी लावते, मी बंद करते. दिव्याचा संबंध माझ्याशी आहे. मालकाची हरकत तुम्ही विचारताय. माझी कोण विचारणार?"

अध्यक्ष काही लिहीत होते. मग त्यांनी वर पाहिलं. "आणि ती पहिली नोंद? तो मोबाईल कुणाचा आहे?"

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला माहीत होतं की मी नाही बोललो तरी त्या मला ओढणार नाहीत, काहीतरी सांगून सांभाळून घेतील. मालकही त्या सुनावणीला हजर होता, पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात त्याचं नाव मला दिसत होतं. माझा दाखला त्याच्या खणात सही होऊन पडलेला होता. तरी मी वाकून लॅपटॉपसमोर आलो.

"मोबाईल माझा आहे. मी शेजारी. फॉर्म मी भरला, चूक माझी. त्यांनी कधीच हरकत नाही म्हटलेलं नाही," मी म्हणालो, आणि मग घसा खाकरून, "आणि साहेब, माझा मीटरही वडिलांच्या नावावर आहे. माझीही हरकत आहे."

ते शब्द माझ्या तोंडातून निघाले तेव्हा मला खूप बरं वाटलं, इतकं की मी आणखी एकदा म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, "आलं लक्षात." दारातून वहिनी आत आल्या आणि माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून म्हणाल्या, "सात नंबर. माझीपण." मग मेडिकलवाला, मग तळमजल्यावरचे दोघे. एकेक जण पडद्यासमोर येऊन खोलीचा नंबर सांगत होता. वकील जोरजोरात काहीतरी म्हणत होते, पण सुनावणी घेणाऱ्यांनी त्यांचा माईक बंद केला होता. काकू पाठ ताठ ठेवून बसून होत्या. सगळं संपून एकेक चौकोन नाहीसा होत गेला तरी त्या बसून होत्या. शेवटी पडदा काळा झाला तेव्हा म्हणाल्या, "आता चहा टाक. त्यांनी फोन ठेवला."

मालकाने माझा दाखला फाडून टाकला, आणि तो फाडल्याचं मुद्दाम मला जिन्यात थांबवून सांगितलं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूंनी दारात बसून ऐकलं असावं, कारण संध्याकाळी वाटीभर शिरा आला.

तीन महिने सकाळचं ‘प्रलंबित’ चालू राहिलं. मग एक दिवस तोंडात ब्रश असताना मेसेज वाजला. आदेश आला होता. बरीच पानं होती, मी घाईघाईने शेवटाकडे गेलो. मयत ग्राहकाच्या जागी जो प्रत्यक्ष राहतो त्याने राहण्याचा पुरावा दिल्यास मीटर त्याच्या नावावर करावा, घरमालकाच्या ना हरकत दाखल्याचा आग्रह धरू नये, आणि एवढ्या कारणासाठी कुणाचा पुरवठा तोडू नये. मी ते गॅलरीत उभा राहून मोठ्याने वाचलं, दोनदा. वहिनी रडायला लागल्या. काकूंनी सगळा आदेश पहिल्या पानापासून वाचून दाखवायला लावला. हरकतदारांच्या यादीत सासऱ्यांचंच नाव होतं. "घ्या," त्या म्हणाल्या, "केस जिंकून दिली त्यांना," आणि खूप हसल्या.

काकू गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. गेल्या त्या त्याच खोलीत, पंखा चालू असताना. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की लोकांना ती सुनावणी ऐकायची असते, पण मला जास्त आठवतो तो त्यानंतरचा एक सोमवार, कंपनीच्या ऑफिसातला.

नाव बदलायचा अर्ज द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. काउंटरवर विशीतली, केस घट्ट बांधलेली एक मुलगी होती. तिने आदेशाची प्रत बघितली नाही, आधारकार्ड बघितलं, आणि सवयीने विचारलं, "मयताशी नातं काय तुमचं, आजी?"

"ते आता लागत नाही," काकू म्हणाल्या. "मी तिथे राहते."

मुलीने खालून नवा छापलेला फॉर्म काढला. त्यात खरंच एक रकाना वाढला होता. मालक, भाडेकरू, वारस, आणि चौथा, ‘प्रत्यक्ष राहणारा’. काकूंनी तो फॉर्म काचेच्या जवळ धरून वाचला. मग माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि छापलेल्या शब्दातल्या शेवटच्या कान्यावर, सावकाश, एक ठसठशीत वेलांटी ओढली. ‘प्रत्यक्ष राहणारी’. आणि त्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

"आजी, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. रिजेक्ट होतो वर."

"खोडलं कुठे काय मी? बघ नीट. तुमचं सगळं तसंच आहे. वर नुसती वेलांटी दिलीये."

मागे रांग वाढत होती. मुलीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला, काकूंकडे पाहिलं, आणि आपलं पेन उघडून त्या वेलांटीशेजारी छोटी सही केली.